ईडिपसाचा अपराध कोणता?

ग्रीक शोकपर्यवसायी नाटकांचा विषय निघाला कीं सॉफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’ ह्या नाटकाचें नांव प्रथम पुढें येतें, आणि त्यापाठोपाठ बहुधा एक प्रश्नहि येतो. एवढा बुद्धिमान् आणि प्रजावत्सल राजा धुळीला मिळाला, तेव्हां त्याच्या स्वभावांत कांहींतरी वैगुण्य असलेंच पाहिजे, तें कोणतें? कोणी त्याच्या शीघ्रकोपाकडे बोट दाखवितो, कोणी गर्वाकडे, कोणी देववाणीवरील अविश्वासाकडे. हें उत्तर पाठ्यपुस्तकांतून इतकें रुळलें आहे कीं, शोकनाट्याचा नायक म्हणजे एका दोषानें डागळलेला थोर पुरुष, अशी व्याख्याच होऊन बसली आहे. अथेन्समधील ज्या प्रेक्षकांपुढें हें नाटक प्रथम झालें, त्यांना मात्र हा प्रश्न ह्या स्वरूपांत सुचला असता असें दिसत नाहीं.

ते प्रेक्षक कोण होते? डायोनिसस देवाच्या वसंतोत्सवासाठीं ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर जमणारे हजारों नागरिक. त्या उत्सवांत तीन कवींची चढाओढ लागे. प्रत्येकानें तीन शोकनाट्यें आणि शेवटीं एक थट्टेचें नाटक सादर करावयाचें, वृंदाचा खर्च एखाद्या धनिकानें सोसावयाचा, आणि परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडावयाचे, अशी नगराचीच व्यवस्था होती. (‘राजा ईडिपस’ला ह्या चढाओढींत पहिलें बक्षीस मिळालें नाहीं, तें इस्किलसचा भाचा फिलोक्लीस ह्यानें मिळविलें. आज फिलोक्लीसचें एकहि नाटक संपूर्ण उपलब्ध नाहीं.)

हे नागरिक दुःख पाहावयास येत, पण कोणाचें दुःख पाहावयाचें ह्याला मर्यादा होती. इ. स. पूर्व ४९४ मध्यें इराणी सैन्यानें अथेन्सच्या नात्यांतील मायलेटस हें शहर उद्ध्वस्त केलें. फ्रिनिकस नांवाच्या कवीनें त्याच प्रसंगावर नाटक रचलें. हेरोडोटस सांगतो कीं, सारें प्रेक्षागृह ढसढसां रडलें, आणि नंतर अथेन्सकरांनीं आपल्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल कवीला एक हजार द्राख्मांचा दंड केला. तें नाटक पुन्हा कोणीं करूं नये असेंहि ठरविलें. इ. स. पूर्व ४७२ मध्यें इस्किलसनें ‘इराणी लोक’ हें समकालीन विषयावरचें नाटक केलें व तें गाजलें. परंतु त्यांत आक्रोश चालतो तो शत्रूच्या राजवाड्यांत. एरव्हीं नायक येत ते पुराणकथांतून. त्यांचा शेवट प्रेक्षकांना ठाऊक असे. तेव्हां पुढें काय होणार ह्यापेक्षां, तें ओढवल्यावर हा मनुष्य कसा उभा राहणार, ह्याकडे त्यांचें लक्ष असे.

शोकनाट्याच्या नायकाचें प्रसिद्ध लक्षण सांगणारा ॲरिस्टॉटल सॉफोक्लीसच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनीं, इ. स. पूर्व ३८४ मध्यें, जन्मला. आपल्या ‘काव्यशास्त्रां’त तो एकेक पर्याय बाजूला सारीत जातो. सर्वस्वीं सज्जन मनुष्य संकटांत पडलेला पाहून मनाला केवळ धक्का बसतो. दुर्जनाचा उत्कर्ष तर शोकनाट्याला सर्वथा परकाच. दुर्जनाचा अधःपात न्यायबुद्धीला सुखावतो, पण त्यानें करुणा उपजत नाहीं आणि भयहि वाटत नाहीं. कारण करुणा वाटते ती न साजणारें दुःख भोगणाऱ्याविषयीं, आणि भय वाटतें तें आपल्यासारख्याच माणसावर घाला पडला म्हणजे. मग उरतो तो मधला मनुष्य : सद्गुणांत अगदीं अलौकिक नव्हे, पण कीर्ति आणि ऐश्वर्य भोगणारा, आणि दुष्टपणामुळें नव्हे तर कांहीं ‘हामार्तिया’मुळें संकटांत पडणारा. उदाहरण म्हणून ॲरिस्टॉटल पहिलें नांव घेतो तें ईडिपसाचें.

सारा घोटाळा ह्या एका शब्दाचा आहे. त्याच्या मुळाशीं जें क्रियापद आहे, तें होमरच्या काव्यांत नेम चुकलेल्या भाल्याविषयीं आणि बाणाविषयीं येतें. नेम चुकणें म्हणजे कांहीं पाप नव्हे. पुढें ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषेंत हाच शब्द ‘पाप’ ह्या अर्थीं रूढ झाला, आणि ॲरिस्टॉटल वाचणाऱ्या युरोपीय पंडितांच्या कानांत तो अर्थहि घुमत राहिला. त्यांत शेक्सपिअरच्या नायकांची भर पडली. ऑथेल्लोचा मत्सर किंवा मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा डोळ्यांपुढें असली म्हणजे चूक ही स्वभावांतच असते असें वाटूं लागतें. मराठी वाचकाची शोकनाट्याशीं ओळख झाली ती पुष्कळशी ह्याच वाटेनें. आगरकरांनीं १८८३ मध्यें ‘हॅम्लेट’चें भाषांतर केलें, त्याला नांव दिलें ‘विकारविलसित’. शेक्सपिअरला तें शोभतेंहि. पण ज्या वाक्यांत ॲरिस्टॉटल दुष्टपणाला स्पष्टपणें वगळतो, त्याच वाक्यांत स्वभावदोष घुसविणें हा त्याच्यावर अन्याय आहे.

आतां नाटकाकडे पाहावें. बापाचा वध आणि आईशीं विवाह हीं दोन्ही कृत्यें पडदा उघडण्यापूर्वीं, असें आपण म्हणूं, पुष्कळ वर्षें आधीं घडून गेलीं आहेत. डेल्फीची भयंकर देववाणी ऐकून ईडिपस ज्यांना आईबाप समजत होता त्यांच्यापासून पळाला, आणि पळतां पळतां तिठ्यावर अनोळखी खऱ्या बापाशीं त्याची गांठ पडली. तो रागीट आहे हें खरें. अंध द्रष्टा टायरीसिअस आणि मेहुणा क्रिऑन ह्यांच्यावर तो भलतेच आरोप करतो. परंतु तो शांत स्वभावाचा असता तरी मारला गेलेला मनुष्य कोण होता हें सत्य बदललें नसतें. नाटकांत तो करतो तें एकच : नगरांत सांथ पसरली आहे, पूर्वीच्या राजाचा मारेकरी सांपडल्याशिवाय ती हटणार नाहीं, म्हणून तो चौकशी करतो. टायरीसिअस बोलावयास तयार नसतो. राणी योकास्टा चौकशी थांबविण्याविषयीं गयावया करते. शेवटीं म्हातारा मेंढपाळ, आतां पुढचें विचारूं नका, म्हणून विनवितो. तीन वेळां परत फिरण्याची वाट मोकळी असते, आणि तिन्ही वेळां तो पुढेंच जातो. ज्या बुद्धीनें त्यानें स्फिंक्सचें कोडें सोडवून थीब्स वांचविलें, तीच बुद्धि येथें त्याला त्याच्या स्वतःच्या जन्माशीं नेऊन पोंचविते. मग तो आपल्या हातानें डोळे फोडून घेतो. हें कोणत्याहि देववाणीनें सांगितलें नव्हतें. दुःखें अपोलोनें आणलीं, पण हा आघात आपल्याच हाताचा, असें तो वृंदाला निक्षून सांगतो.

‘करावें तसें भरावें’ ही म्हण माणसाला मोठा धीर देते. ईडिपसांत दोष हुडकणारा प्रेक्षक हाच धीर शोधीत असतो. कारण दोष सांपडला कीं आपण त्यांतून सुटलों. सॉफोक्लीस ही सुटका देत नाहीं.

अथेन्सचा कायदा ह्या बाबतींत फार सूक्ष्म होता. ड्राकोनचा मनुष्यवधाचा कायदा इ. स. पूर्व ४०९ च्या सुमारास पुन्हा शिळेवर कोरण्यांत आला. त्यांत हेतु नसतां झालेल्या वधाचा स्वतंत्र विचार आहे. अशा खटल्यांसाठीं न्यायासनहि वेगळें होतें. मारणाऱ्याला देहान्त नसे. तो देशांतर करी, आणि मृताच्या आप्तांनीं क्षमा केली तर परत येई. पण रक्ताचा विटाळ मात्र हेतु पाहत नसे. वधाचे खटले उघड्या आकाशाखालीं चालत, म्हणजे आरोपी आणि न्यायाधीश एका छपराखालीं येऊं नयेत. अंगावर पडून माणूस मेला असा दगड किंवा लांकूडसुद्धां रीतसर खटला चालवून सीमेबाहेर टाकीत. हेतु नसला तरी कृत्य उरतेंच, ही जाणीव त्या प्रेक्षकांच्या हाडींमासीं होती. ईडिपस उभा आहे तो ह्या दोहोंच्या मध्यें.

प्रत्येक ग्रीक नायक ह्या मापांत बसत नाहीं हेंहि खरें. इ. स. पूर्व ४३१ मध्यें आलेल्या युरिपिडीसच्या नाटकांतील मेडिया पोटच्या मुलांना मारते ती पूर्ण जाणून. तेथें नेम चुकलेला नाहीं. ॲरिस्टॉटलचें माप ईडिपसाच्या अंगावर बेतलेलें आहे, आणि तें त्यालाच सर्वांत चपखल बसतें.

नव्वदीच्या घरांत असतां सॉफोक्लीस पुन्हा ह्याच नायकाकडे वळला. ‘कोलोनस येथील ईडिपस’ हें नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ४०१ मध्यें, त्याच्याच नांवाच्या नातवानें रंगभूमीवर आणलें. मध्यंतरीं ४०४ मध्यें अथेन्स युद्ध हरून शरण गेलें होतें. कोलोनस हें कवीचें जन्मगांव. तेथें आंधळा, चिंध्या पांघरलेला ईडिपस मुलीच्या आधारानें येतो. गांवचे वृद्ध त्याला हांकलूं पाहतात, तेव्हां तो एखाद्या वकिलासारखा आपली बाजू मांडतो : प्रथम प्रहार समोरच्यानें केला, तो कोण हें आपणांस ठाऊक नव्हतें, राणी दिली ती नगरानें, कायद्याच्या दृष्टीनें आपण शुद्ध आहोंत. पुढें अथेन्सचा राजा थीसिअस त्याच्या पळविलेल्या मुली सोडवून आणतो. आनंदाच्या भरांत म्हातारा राजाचा हात हातीं घेण्यासाठीं आपला हात पुढें करतो. आणि मध्येंच थबकून, नको, तुला माझा स्पर्श नको, असें म्हणून तो मागें घेतो.