मणिबंधाची खतावणी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये वैद्यकावर ग्रंथ रचणाऱ्या सेल्ससने मनगटातील बारीक अस्थींची संख्या अनिश्चित आहे असे सरळ लिहून टाकले, आणि त्याच्या पुढच्या शतकात गॅलनने ती आठ असल्याचे नमूद केले. आपल्याकडील सुश्रुतसंहितेने मात्र हा हिशेब निराळ्याच वहीत मांडलेला आहे. शारीरस्थानात पायाच्या प्रत्येक बोटात तीन याप्रमाणे १५, तल, कूर्च व गुल्फ, म्हणजे तळव्यापासून घोट्यापर्यंतचा भाग, मिळून १०, टाचेत १, जंघेत २, गुडघ्यात १ आणि मांडीत १, अशी एका पायाची ३० हाडे मोजल्यावर ग्रंथकार म्हणतो की दुसरा पाय व दोन्ही बाहू यांचेही असेच समजावे. म्हणजे मणिबंधाच्या, अर्थात मनगटाच्या, नावाने स्वतंत्र रकाना नाहीच. पायाची मोजदाद हातावर जशीच्या तशी चढविलेली.

गंमत अशी की, खांद्याची हाडे वगळली तर आजच्या गणनेप्रमाणेही एका हातात ३० च अस्थी भरतात: बोटांच्या १४, तळहाताच्या ५, मनगटाच्या ८ आणि दंड व प्रकोष्ठ यांच्या ३. बेरीज तंतोतंत जुळते, बाबवार रकमा जुळत नाहीत. अंगठ्यात दोनच हाडे असता सुश्रुताने तीन धरली, आणि जेथे आपण १३ मोजतो त्या तळहात-मनगटाच्या खात्यात त्याने १० च टाकली.

याचे कारण त्याच्या शवपरीक्षेच्या पद्धतीत असावे, असे मला वाटते. विषाने किंवा दीर्घ रोगाने न मेलेल्या माणसाचे सर्वांगपूर्ण प्रेत मुंज, कुश, ताग अशा कशात तरी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या नदीत आडबाजूला ठेवावे; सात रात्रींनी ते चांगले कुजले म्हणजे बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने त्वचेपासून हळूहळू घाशीत एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा, असा तो विधी आहे. ज्ञानासाठी एवढी घाण सोसणारा हा शल्यवैद्य थोरच. परंतु चिवट बंधांनी एकमेकांस जखडलेली, वाटाण्यापासून बोरापर्यंतच्या आकाराची ही हाडे नुसत्या कुंचल्याने सुटी व्हावयाची नाहीत. शिवाय त्याला गरज होती ती मर्मांची, म्हणजे शरीरातील नाजूक जागांची, आणि मणिबंध हे त्याने रुजाकर, म्हणजे आघात झाल्यास वेदना देणारे, मर्म म्हणून आवर्जून नोंदविले आहे.

युरोपातही काम सावकाशच झाले. १५४३ साली बाझेल येथे छापलेल्या ग्रंथात वेसालियसने आठही अस्थींची चित्रे काढली, पण त्यांस केवळ क्रमांक दिले. नावे १६५३ मध्ये लायझर या शरीररचनातज्ज्ञाने ठेवली. १८१४ साली डब्लिनच्या कॉलिसने, मनगट निखळले म्हणून ज्यावर इलाज होत असे ती दुखापत बहुधा मनगटालगतच्या हाडाचा भंग असते, असे नुसत्या हाताने चाचपून सांगितले. १८९५ च्या डिसेंबरात राँटगेनने पत्नीच्या हाताचे क्षकिरणचित्र घेतले, तेव्हा कुठे जिवंत माणसाच्या हातातील हाडे न कापता दिसू लागली.

आता पुन्हा आपल्या जुन्या हिशेबाकडे. १९०७ साली हर्न्ले या पंडिताने प्राचीन भारतीय अस्थिगणनेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तीस या आकड्यावरून सुश्रुताला आधुनिक ठरविण्याचा ज्यांना मोह होतो, आणि एका अंगठ्यावरून त्याला अडाणी म्हणण्याची ज्यांना घाई असते, त्या दोन्ही पक्षांनी शारीरस्थानाचा पाचवा अध्याय समोर ठेवून आपला हात एकदा स्वतःच चाचपून पाहावा.