खाणावळवालीची उधारी

आमच्या शिराळा तालुक्यात मुंबईला निघालेल्या पोराला पहिला प्रश्न नोकरीचा नसायचा. 'जेवायचं कुठं?' हा असायचा. नोकरी आज ना उद्या लागेल, गाववाले कुठंतरी चिकटवतील, याची खात्री असे. पण जेवायची सोय कळली की पोरगा कोणाच्यात उठणार-बसणार, आजारी पडला तर कोण बघणार, गावाला पैसे कोणाच्या हाती येणार, हे सगळं एका उत्तरात कळायचं. २०१९ साली मी सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअर होऊन लोअर परळच्या एका कंपनीत लागलो, तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांनी मलाही हेच विचारलं. ऑफिसात कॅन्टीन आहे आणि बाहेर हॉटेलंच हॉटेलं आहेत, असं मी सांगितलं. ते कोणाला पटल्याचं दिसलं नाही.

हॉटेलं आहेत हे मात्र खरं. फिनिक्स मिल, कमला मिल, मथुरादास मिल ही नावं आता आमच्या पिढीला कापडापेक्षा जेवणाखाण्यामुळे माहीत आहेत. शुक्रवारी संध्याकाळी आमचं पाच-सहा जणांचं टोळकं यातल्याच कुठल्यातरी गेटातून आत शिरतं. मला ते मनापासून आवडतं. दिवसभर कोणाचा तरी कोड दुरुस्त केल्यावर समोर गरम काहीतरी यावं, शेजारी बोलायला माणूस असावा, यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

माझे आजोबा याच भागातल्या एका गिरणीत १९५८ ते १९८३ साच्यावर होते. राहायला डिलाइल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर. पंचवीस वर्षं हा माणूस रोज दोन्ही वेळा घराबाहेर, दोस्तांच्या पंगतीत जेवला. मी बाहेर जेवतो त्याचं घरच्यांना अजून कौतुकमिश्रित टेन्शन असतं, आणि आजोबांच्या बाहेर जेवण्याकडे मात्र कोणी त्या नजरेनं बघितलेलंच नाही. मला ती पंगत काय होती, आणि कोणाच्या जिवावर चालायची, हे बघावंसं वाटलं.

मुंबई ही मुळात एकट्या पुरुषांची वस्ती होती. १९२१ च्या जनगणनेत शहरातल्या दर १०० माणसांपैकी ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशेच्या घरात. गिरण्यांत सगळ्यात जास्त भरणा रत्नागिरीचा, त्याखालोखाल घाटावरच्या जिल्ह्यांचा, त्यात सातारा मोठा. (सांगली तेव्हा संस्थान होतं आणि आमचा शिराळा, वाळवा, तासगाव हा भाग साताऱ्यात होता. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा निघाला, त्याचं १९६० ला सांगली झालं. म्हणून मुंबईतली जुनी माणसं आम्हाला आजही सातारकडचेच समजतात.) जावळी, पाटण, शिराळ्याच्या डोंगरात पाऊस रग्गड पण जमिनीचा तुकडा एवढासा. माण, खटाव, आटपाडीला जमीन भरपूर पण पाऊस नाही. दोन्हीकडून निघालेला माणूस शेवटी एकाच जागी पोचायचा. कोणी गिरणीत, कोणी मस्जिद बंदरला पाठीवर पोती वाहायला. या हमालांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि १९६९ चा माथाडी कायदा ही त्याच लढ्याची कमाई.

बायकापोरं गावी, कारण शेती सोडून चालत नसे आणि एका पगारात मुंबईत बिऱ्हाड होत नसे. मग गावकीनं मिळून एक खोली घ्यायची. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात वीस-पंचवीस ट्रंका, भिंतीवर तेवढ्याच खुंट्या, आणि झोपायला पाळ्या. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच वळकटीवर पडायचा. या खोलीत स्वयंपाक होणं शक्यच नव्हतं. तो खाणावळीत व्हायचा.

खाणावळ म्हटल्यावर टेबल-खुर्च्या डोळ्यांपुढे आणू नका. बहुतेक ठिकाणी ती त्याच चाळीतली एक खोली असे आणि चालवणारी बाई तिथंच राहत असे. कोणाचा नवरा वारलेला, कोणाचा गिरणीतून काढून टाकलेला, कोणाला नुसतं टाकलेलं. दहा-वीस-तीस गडी तिच्याकडे 'लावलेले' असत. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, कारण सातच्या पाळीचा डबा साडेसहाच्या आत भरला पाहिजे. मग दुसऱ्या पाळीचं दुपारचं जेवण, मग रात्रीची पंगत, मग मध्यरात्री सुटणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेलं. कोकणी खाणावळीत भात आणि माशाचं कालवण, घाटी खाणावळीत भाकरी, आमटी, कोरड्यास. पगाराच्या रविवारी मटण.

हिशोब महिन्याचा. गडी गावाला गेला की तेवढ्या दिवसांचा 'खाडा' धरायचा आणि पैसे वजा करायचे. ऐकायला सरळ आहे. पण गिरणीत कायम कामगारांइतकेच महत्त्वाचे होते 'बदली' कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घेतील, नाहीतर परत. महिन्यात पंधरा दिवस काम मिळालं तर नशीब. भूक मात्र तीस दिवस लागायची. त्या पंधरा दिवसांचा फरक वाण्याकडे उधारी करून, आणि वाणी थांबेना तेव्हा डोरलं-पाटल्या सावकाराकडे ठेवून, खाणावळवाली भरत होती. गिरणीमालकाला पाहिजे तेव्हा वापरायला आणि नको तेव्हा गेटवर उभी करायला माणसांची फौज मिळत होती, कारण त्या फौजेला उधारीवर जेवू घालणारं कोणीतरी चाळीत बसलेलं होतं. गिरणीच्या ताळेबंदात हा खर्च कुठं आला नाही. माझ्या मते मुंबईच्या कापडधंद्यातलं हे सगळ्यात मोठं बिनव्याजी भांडवल होतं.

आमच्याकडे गिरणगावाच्या एकोप्याच्या गोष्टी सांगताना कोणाच्याही आवाजात पाझर फुटतो. त्यात खरंही बरंच आहे. कामाला चिकटवायचं तर जॉबरच्या कानावर गाववाल्यानंच घालायचं, मयताला खांदा गाववाल्यानंच द्यायचा, कबड्डीचा संघ, तालीम, गणपती, सगळं याच पंगतीतून उभं राहिलेलं. पण पंगतीला कोणाला घ्यायचं याचे नियमही गावाहूनच आले होते. खाणावळ जिल्ह्याची असे, आणि जातीचीही. गिरणीच्या आत तर याहून वाईट. साचेखात्यात पगार चांगला, पण कांडी बदलताना विणकर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचे, आणि तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जाणार म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर जाहीरपणे ठेवला होता. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातले. तेही आईबापांबरोबर पोटासाठी मुंबईला आले, पण त्यांचं जग आमच्या आजोबांच्या गावकीच्या खोलीचं नव्हतं, लेबर कॅम्पचं होतं. शेजारशेजारच्या तालुक्यांतली दोन माणसं एका शहरात येऊनही एका ताटाशेजारी बसत नव्हती.

त्या मानानं इराण्याचं हॉटेल बरं. नाक्यावरचं, संगमरवरी टेबलाचं. चहा आणि ब्रून मागवला की बाजूला कोण बसलाय हे तो इराणी विचारत नसे. संप असला की पेपर मोठ्यानं वाचला जायचा तो इथंच. पण इराणी रोख घ्यायचा. दोस्ती इराण्याकडे रंगायची आणि पोट खाणावळीत भरायचं, असा साधारण हिशोब होता.

उधारीची गोष्ट उघड झाली ती संपांमुळे. १९७३-७४ ला गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद, जेवण चालू. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव तेव्हा या चाळींमधून फिरत होत्या. संपकऱ्यांची सभा, संपकऱ्यांच्या मागण्या, संपकऱ्यांना मदत, सगळीकडे चर्चा गड्यांची. त्यांना दिसलं ते असं, की संप मिटल्यावर गडी कामावर जातो आणि बाईच्या पाटल्या सावकाराकडेच राहतात. १९७५ ला त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पहिल्या १४ बायकांना बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळालं. ना जमीन, ना पगार, बऱ्याच जणींना सही येत नाही, आणि धंदा काय तर स्वयंपाक. एकमेकींची हमी एवढंच तारण. मी फिनटेकमध्ये काम करतो. कर्ज द्यायच्या आधी माणूस तपासणारी प्रणाली आम्ही बनवतो, म्हणून हे वाचताना मला जरा जास्तच नवल वाटलं. त्या बायका तीस-तीस बदली कामगारांची पत कागदाशिवाय वर्षानुवर्षं ओळखत होत्या. त्यांची स्वतःची पत ओळखायला बँकेला राष्ट्रीयीकरणानंतरही पाच-सहा वर्षं आणि एका कार्यकर्तीचे खेटे लागले.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली दोन लाखांवर कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिले काही महिने गावांनी धान्य पाठवलं, आमच्याकडूनही तांदूळ गेला. मग पोरंच गावी परतायला लागली. आजोबा वर्षभर तग धरून १९८३ च्या उन्हाळ्यात परत आले. खोलीतले बहुतेक जण त्याच सुमारास आले. चाळीतल्या खाणावळी एकेक करून थंडावल्या. ज्यांच्या नावावर उधारी होती ती माणसंच एसटीत बसून निघून गेली होती.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांच्या आठवणींचं पुस्तक केलंय. त्यात अशा बायका बोलतात. ते वाचून मागच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आजोबांच्या खोलीतल्या दोघा-तिघांना देवळाच्या पारावर गाठलं. आजोबा जाऊन चार वर्षं झाली. ही माणसं ऐंशीच्या पुढची. कबड्डीच्या संघात कोण उजवा कोपरा धरायचा, कोणाचा नंबर कुठल्या साच्यावर, इराण्याकडे चहा किती पैशांना, सगळं पाठ. मग मी विचारलं, खाणावळवालीचं नाव काय होतं?

"मावशी."

"नाव, तात्या. आडनाव, गाव?"

"मावशीच म्हणायचो की. नाव कशाला लागतंय?" तात्या थोडा वेळ गप्प बसले. "कराडकडची असंल. का वाईची. तुझ्या आज्यानं दोन-तीन दिवाळ्या तांदूळ धाडला तिला. एका वर्षी पोतं माघारी आलं. खोलीला कुलूप हाय म्हणाले."

उधारी किती राहिली होती, हे कोणी बोललं नाही. मीही ओढून विचारलं नाही. पंचवीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं नाव तिघांनाही आठवेना, याचं त्यांनाच वाईट वाटत होतं.

शुक्रवारच्या आमच्या टेबलावर उधारी नसते. बिल आलं की एक जण भरतो, ॲप भागाकार करून प्रत्येकाला आकडा पाठवतं, आणि टॅक्सीत बसायच्या आत सगळे मोकळे. आमच्यातले चौघे चार जिल्ह्यांचे, आणि एकाच्या घरचं माणूस आजोबांच्या पंगतीत बसू शकलं नसतं. तो माझा मुंबईतला सगळ्यात जवळचा दोस्त आहे. म्हणून मला जुनी पंगत परत नको आहे. फक्त मी आजारी पडलो तेव्हा पहिले दोन दिवस आमच्या ग्रुपवर नुसते अंगठे आले, आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आला तो हा दोस्त नाही, गावकीच्या खोलीतला पोरगा, हेही लिहून ठेवतो.

कारण ती खोली अजून आहे. मंडळाच्या नावावर. नोकरी लागल्यावर पहिले दोन महिने मी तिथंच काढले. आता तिथं नऊ पोरं आहेत. दोन पोलीस भरतीची तयारी करणारी, एक कुरिअरमध्ये, बाकीची मॉलमध्ये आणि हॉटेलांच्या किचनमध्ये. बाराशे रुपयांचं बिल करून आम्ही उठतो त्या टेबलामागच्या किचनमधलं एखादं पोरगं रात्री एकला इथंच येऊन झोपतं. त्यांचा डबा मागच्या गल्लीतल्या एका बाईंकडून येतो. खाडा अजून धरतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. पैसे भरताना मात्र मोबाईलवर त्यांचं पूर्ण नाव येतं, वडिलांच्या आडनावासकट. नवऱ्याचं त्यांनी लावलेलं नाही. पोरांना विचारलं तर नऊच्या नऊ जणांना ते नाव माहीत होतं.