डॉ. कोटणीस की अमर कहानी

राजकमल कलामंदिरचा युद्धकालीन प्रेमकथेवरील हिंदी चित्रपट (१९४६). दिग्दर्शक आणि नायक व्ही. शांताराम, नायिका जयश्री, संगीत वसंत देसाई. कथेला आधार ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या पुस्तकाचा. पटकथा अब्बास व व्ही. पी. साठे यांची. ‘द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस’ ही इंग्रजी आवृत्तीही काढण्यात आली.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे परतले, कोटणीस मात्र आघाडीवरच राहिले. १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचा मुलगा काही महिन्यांचा होता.

महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते आणि युद्धकार्याला पोषक चित्रपट काढण्याचा निर्मात्यांवर दबाव होता. जपानविरोधी कथानक सरकारला चालण्याजोगे होते. शांतारामांनी ती संधी साधून काँग्रेसच्या पथकातला एक देशभक्त डॉक्टर पडद्यावर आणला. हे धाडस चित्रपटाच्या तांत्रिक गुणांइतकेच मोलाचे आहे.

छिंगलानवर बेतलेली चिंग लान जयश्री यांनी साकारली. त्या पूर्वाश्रमीच्या कामुलकर. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘शेजारी’त (१९४१) त्या चमकल्या, त्याच वर्षी शांतारामांशी त्यांचा विवाह झाला, आणि राजकमलच्या पहिल्याच ‘शकुंतला’ने (१९४३) त्यांना देशभर नाव मिळवून दिले. भारतीय नटांनी रंगभूषा करून चिनी माणसे उभी करणे आज खटकते. जयश्रीही त्याला अपवाद नाहीत. तरीही प्रेमातला खेळकरपणा आणि युद्धातली धास्ती एकाच चेहऱ्यावर पेलण्याचे अवघड काम त्यांनी केले. कोटणिसांच्या त्यागाचे चित्रण जागोजागी भाषणाच्या अंगाने जाते, तिथे जयश्रींच्या वावरामुळे कथेला घरगुती ऊब मिळते. पुढे ‘दहेज’ (१९५०) आणि ‘परछाईं’ (१९५२) यांतही त्या दिसल्या. अभिनेत्री राजश्री त्यांची कन्या.

चित्रपटाने चरित्रात बरीच कल्पित भर घातली आहे. कोटणीस अभ्यासायचे असतील तर केवळ त्यावर विसंबू नये. पण सोलापूरच्या या डॉक्टरचे नाव देशात घरोघरी पोचवले ते याच चित्रपटाने.