सगळ्यात कमी स्पीडला राइट करा?

जुन्या कन्सोलसाठी कोरी सीडी राइट करायला बसलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: स्पीड जितका कमी ठेवता येईल तितका ठेव. कन्सोल प्लेस्टेशन असो, सेगा सॅटर्न असो की ड्रीमकास्ट, सल्ला तोच. ४ एक्स मिळाला तर ४, १ एक्स मिळाला तर त्याहून बरं. गेम अडकला, सुरुवातीचा व्हिडिओ तुटक चालला, की पहिला प्रश्न येतो, ‘किती स्पीडला राइट केलीस?’ उत्तर १६ एक्स आलं की निदान तिथेच पक्कं होतं. मीही हा सल्ला कित्येक वर्षं पाळला आणि इतरांना दिला. आज बाजारात मिळणाऱ्या सीडींपुरता तो चुकीचा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यापायी चांगल्या सीडी वाया जातात आणि धडधाकट यंत्रांना बोल लागतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो हवेतून आलेला नाही. सीडी-आरचं ‘ऑरेंज बुक’ हे मानक १९९० सालचं. त्या दशकातले रायटर १, २, ४ एक्सचे, आणि कोऱ्या सीडींचं रसायनही त्याच वेगांसाठी बेतलेलं. संगणकाची ताकद बेताची; माहितीचा ओघ क्षणभर तुटला की बफर रिकामा होऊन सीडी जागीच बाद व्हायची. हा तुटलेला धागा पुन्हा जोडणारं ‘बर्न-प्रूफ’ तंत्र सान्योनं आणलं ते २००० साली. प्लेस्टेशन जपानात आलं डिसेंबर १९९४ मध्ये, ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये. म्हणजे ज्यांनी या कन्सोलसाठी पहिल्यांदा सीडी राइट केल्या, त्यांना कमी स्पीडचा फायदा डोळ्यांसमोर दिसत होता. त्यांचा अनुभव खरा होता. पुढे सीडी बदलली, रायटर बदलले, आणि नियम मात्र तसाच तोंडोतोंडी चालत राहिला.

या नियमामागची कल्पना हस्ताक्षराची आहे. हळू लिहिलं की अक्षर सुबक येतं, तसंच सीडीचंही असणार. पण सीडी-आरवर कोणी लिहीत नाही, तिला डाग दिले जातात. छापील सीडीत प्लास्टिकवर ठशानं उठवलेले खड्डे असतात. सीडी-आरमध्ये आधीच कोरलेली नागमोडी चर असते, तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो, आणि रायटरचा लेसर तो थर ठिकठिकाणी भाजत जातो. सगळी माहिती डागांच्या आणि मधल्या कोऱ्या जागांच्या लांबीत असते. लांब्या नऊ आहेत: सगळ्यात आखूड डाग तीन मात्रांचा, सगळ्यात लांब अकरा मात्रांचा. १ एक्सला तीन मात्रांचा डाग उमटायला साधारण ०.७ मायक्रोसेकंद मिळतात, तर ४८ एक्सला जेमतेम १५ नॅनोसेकंद.

आता या १५ नॅनोसेकंदांत भाजलं जाईल असं रसायन बनवायचं तर ते उष्णतेला हळवं असावंच लागतं. ५२ एक्सचा शिक्का असलेली आजची सीडी अशीच हळवी असते. तिच्यावर लेसर रेंगाळला की उष्णता चरीत पुढे आणि बाजूला पसरते, डागाचं शेपूट फुगतं, आणि तीन मात्रांचा डाग वाचणाऱ्याला चारच्या जवळचा भासू लागतो. जाड खादीवर चालणारी इस्त्री रेशमावर तितकाच वेळ ठेवून पाहावी, तसाच हा प्रकार. लेसरची शक्ती कमी करून यातून वाट काढता येते, पण किती कमी करायची आणि झोत कुठे तोडायचा याचे हिशेब रायटरच्या फर्मवेअरमध्ये सीडीच्या प्रकारानुसार आणि वेगानुसार भरलेले असतात. उत्पादकाची सगळी मेहनत ज्या वेगांवर माणसं खरोखर राइट करतात तिथे झालेली असते. ४ एक्सचं कोष्टक असलंच तर बहुधा नावापुरतं.

शिवाय तुम्ही ४ एक्स निवडलात म्हणून रायटर ४ एक्सनं राइट करतोच असंही नाही. कित्येक नव्या रायटरांचा किमान वेग १० किंवा १६ एक्स असतो. त्याखालचा आकडा मागितला तर ते मुकाट्यानं आपला किमान वेग लावतात. ‘मी कायम ४ एक्सलाच करतो, कधी अडलं नाही’ असं सांगणाऱ्यानं राइट व्हायला लागलेला वेळ एकदा घड्याळावर पाहावा. ८० मिनिटांची भरलेली सीडी ४ एक्सला वीस मिनिटं घेते. तीच जर पाच-सहा मिनिटांत बाहेर आली असेल, तर तो अनुभव ४ एक्सचा नव्हेच. उलट तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे.

यावर वाद घालत बसण्याचं कारण नाही, कारण सीडी मोजता येते. वाचताना दुरुस्त कराव्या लागणाऱ्या चुका काही रायटर मोजून दाखवतात: पहिल्या टप्प्यात सुटणाऱ्या त्या सी-१, तिथे न सुटता पुढे जाणाऱ्या त्या सी-२. मानकानुसार सेकंदाला जाणाऱ्या ७३५० फ्रेम्सपैकी २२० पर्यंत चुकीच्या चालतात. मी एकाच स्पिंडलमधल्या लागोपाठच्या दोन सीडी घेतल्या, एकाच रायटरवर ड्रीमकास्टचा एकच होमब्रू (हौशी मंडळींनी बनवलेला) गेम त्यांवर राइट केला, एक सगळ्यात कमी स्पीडला आणि दुसरी १६ एक्सला. दुसरीचा आलेख आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत जमिनीलगत सपाट. पहिलीचा सुरुवातीपासूनच उंच, दाट गवतासारखा, आणि बाहेरच्या कडेकडे चढत गेलेला.

ती बाहेरची कड ड्रीमकास्टला फार महत्त्वाची आहे. त्याचा ड्राइव्ह सीडी एकसारख्या फेऱ्यांनी फिरवतो, त्यामुळे कडेची माहिती सगळ्यात वेगानं वाचली जाते. म्हणून जाणकार सुरुवातीला रिकामी फाइल भरून गेम कडेकडे ढकलतात. पहिली सीडी यंत्रात घातली तेव्हा पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्सचा सरकता भाग, मागेपुढे जात असल्याचा कुरकुर आवाज दर काही सेकंदांनी येत होता आणि संगीत मध्येच थबकत होतं. दुसरीला एकदाच गुरगुर, मग शांत. दोन्ही वेळा कन्सोल तोच आणि त्याची लेन्सही तीच.

याचा अर्थ ५२ एक्सला राइट करावं असा मुळीच नाही. त्या वेगाला सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेऱ्या घेते, थरथरते, आणि कडेचे डाग बिघडतात. माझा पक्ष मधल्या वेगाचा आहे: आजच्या सीडी-आरला बहुतेक वेळा १६ ते २४ एक्स, प्लेस्टेशन २ साठीच्या १६ एक्सच्या डीव्हीडी-आरला साधारण ८ एक्स. अंतिम शब्द मात्र आलेखाचा. तुमच्या रायटरवर ते गणित वेगळं आलं तर तुमचं बरोबर.

स्पीडवर नसते आरोपही होतात. मूळ सीडीची तपासणी चुकवणारी चिप न बसवलेलं प्लेस्टेशन राइट केलेली सीडी नाकारतं, तेव्हा ‘अजून कमी स्पीडला कर’ असं सांगणारे मी पाहिले आहेत. सोनीनं मूळ सीडीच्या अगदी आतल्या भागात चरीच्याच नागमोडीत प्रदेशाची अक्षरं गुंफली आहेत. कोऱ्या सीडीची चर कारखान्यातूनच तयार होऊन येते, आणि रायटरला ती बदलता येत नाही. मग स्पीड कुठलाही असो.

याला चिकटून आलेला दुसरा समज म्हणजे राइट केलेल्या सीडीनं लेन्स जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चिप मारलेलं प्लेस्टेशन २ घेतलेल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू यायचं. युक्तिवाद असा की अशी सीडी प्रकाश कमी परतवते, म्हणून लेसरला जास्त जोर लावावा लागतो. सीडी-आरचं परावर्तन मानकानुसार किमान ६५ टक्के असावं लागतं, छापील सीडीचं ७० टक्के. आणि या जुन्या पिकअपमधला लेसर सीडी पाहून आपली शक्ती वाढवत नाही. त्याच्याजवळचा छोटा प्रकाशसंवेदक ती शक्ती ठरलेल्या पातळीवर बांधून ठेवतो. कमी आलेला सिग्नल पुढचं सर्किट वाढवून घेतं. वाईट सीडीनं शोधाशोध वाढते, पिकअपचे हलणारे भाग जास्त राबतात, हे मान्य. पण सुरुवातीच्या प्लेस्टेशनचे प्लास्टिकचे पिकअप मूळ सीडींवरही झिजले, आणि लोक यंत्र उलटं ठेवून खेळले. लेसर खरोखर मरतो तो पॉट, म्हणजे त्याचा करंट ठरवणारा पिकअपवरचा छोटा स्क्रू, फिरवल्यानं. निन्टेंडोच्या गेमक्यूबला ८ सेंटीमीटरच्या राइट केलेल्या डिस्क वाचता याव्यात म्हणून स्क्रूड्रायव्हरनं तो पॉट फिरवून लेसरचा करंट वाढवायची रीत पडली, आणि दोष डिस्कच्या माथी आला.

सीडी निवडताना खोक्यावरच्या नावावर भिस्त ठेवू नये, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येतो. कोऱ्या सीडीच्या आतच उत्पादकाचा कोड असतो आणि रायटर तो वाचून दाखवतो: ९७:२४:०१ म्हणजे तैयो युडेन, ९७:२६:६६ म्हणजे सीएमसी, ९७:१७:०६ म्हणजे आपल्या नोएडाची मोझर बेअर. मोझर बेअर २०१८ साली दिवाळखोरीत निघाली, तैयो युडेननं २०१५ च्या अखेरीस हा धंदा सोडला. त्यांचा जुना साठा अजून हाती लागतो, पण उन्हात पडून राहिलेला नसेल तरच घ्यावा. पुन्हा पुन्हा राइट करता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूच्या वाटेला जाऊ नये. तिचं परावर्तन १५ ते २५ टक्के, आणि जुन्या कन्सोलची सर्किटं तिच्यासाठी बनलेलीच नाहीत. काळ्या सीडीचा अट्टहासही नको. प्लेस्टेशनच्या सीडीचा काळा रंग ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरला काचेसारखा पारदर्शक असतो.

नवा स्पिंडल उघडला की मी पहिल्या दोन-तीन सीडी चाचणीसाठी काढतो. आलेख पाहून झाला की डब्यावर मार्करनं आतला कोड, रायटरचं मॉडेल आणि जमलेला स्पीड लिहितो. शेल्फवर आज असे चार डबे आहेत. तीन डब्यांवर १६ आहे, एकावर २४.