छोट्या सीएनसी लेथवर आटे पाडताना

घरातल्या नळापासून मोटारीच्या चाकापर्यंत असंख्य भाग एकमेकांना धरून राहतात ते आट्यांच्या बळावर. बाजारात तयार नट-बोल्ट मुबलक मिळतात. मात्र यंत्राचा खास शाफ्ट, पंपाचा दांडा किंवा एखादा जोडभाग बनवायचा असेल, तर आटे लेथवरच पाडावे लागतात. हे काम बहुधा सर्वांत शेवटी येते. ते बिघडले, तर आधीच्या सर्व मेहनतीसह महागडा धातूही भंगारात जातो. भोसरी किंवा शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या यंत्रावर व्यवसाय उभा करणाऱ्या उद्योजकाला हे नुकसान परवडणारे नसते.

फिरणे आणि सरकणे

आटे पाडण्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. चकमध्ये पकडलेला जॉब एक फेरा पूर्ण करतो, तेवढ्या वेळात टूल बरोबर एका पिचइतके पुढे सरकले पाहिजे. पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतर. एम १० या मापाच्या बोल्टची नेहमीची पिच १.५ मिलिमीटर असते. स्पिंडल मिनिटाला ५०० फेरे घेत असेल, तर टूलचा वेग मिनिटाला ७५० मिलिमीटर हवा. शिवाय आट्याची पूर्ण खोली एका कटमध्ये साधत नाही. त्यामुळे प्रत्येक खेपेस टूल आधीच्याच खाचेत अचूक उतरणे अत्यावश्यक ठरते.

इंग्लंडमधील हेन्री मॉडस्ली याने १८०० च्या सुमारास लीड स्क्रू आणि बदलत्या गियरच्या साह्याने हा मेळ यंत्रावर साधला. पुढे १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांच्या प्रमाणीकरणाचा प्रस्ताव मांडला. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचविला. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचाच आहे.

गियरची जागा एन्कोडरकडे

साध्या लेथवर स्पिंडल आणि टूल गियरने बांधलेले असतात. स्पिंडल मंदावला, तर टूलही त्याच प्रमाणात मंदावते. सीएनसी लेथवर हा धातूचा दुवा नसतो. स्पिंडलला जोडलेला एन्कोडर त्याची स्थिती नियंत्रकाला सतत कळवितो. दर फेऱ्याला एकदा येणारा स्वतंत्र संकेत मिळताच टूलची चाल सुरू होते, म्हणून प्रत्येक कट त्याच खाचेत पडतो.

छोट्या यंत्राची खरी कसोटी येथेच लागते. कमी शक्तीची मोटर कट लागताच मंदावते. स्पिंडलवर फेऱ्याला एकच संकेत देणारा साधा संवेदक असेल, तर एका फेऱ्याच्या आत वेगात झालेला बदल नियंत्रकाला लगेच समजत नाही. टूल जुन्याच वेगाने सरकते आणि पिच चुकते. असा बोल्ट नटमध्ये दोन-तीन फेरे जातो व मग अडकतो. अनेक संकेत देणारा एन्कोडर हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. तो नसेल, तर बेल्टची जोर वाढविणारी कमी वेगाची जोडणी निवडावी व कट हलके ठेवावेत. पिच मोठी असल्यास स्पिंडलचा वेग आणखी उतरवावा. अन्यथा टूल सरकविणारी स्टेपर मोटर काही पावले चुकविण्याचा धोका असतो.

खोलीचे गणित

१.५ मिलिमीटर पिचच्या बाह्य आट्याची खोली सुमारे ०.९२ मिलिमीटर असते. ती समान भागांत विभागणे चुकीचे ठरते. खाच त्रिकोणी असल्याने टूल जितके खोल जाईल, तितका जास्त धातू त्याला कापावा लागतो. प्रत्येक कटमध्ये सारखाच धातू निघावा, यासाठी खोली कटच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवितात. सहा कटमध्ये काम करायचे, तर ती क्रमाने ०.३८, ०.५३, ०.६५, ०.७५, ०.८४ आणि ०.९२ मिलिमीटर अशी येते. शेवटी त्याच खोलीवर एक कोरी खेप घेतली, की दबलेला जॉब सावरतो आणि आटे स्वच्छ होतात. टूल सरळ आत न नेता सुमारे २९ अंशांनी तिरपे उतरविल्यास मुख्यतः एकच कड कापते व मोटरवरील भार घटतो.

घ्यावयाची काळजी

टूलला वेग घेण्यासाठी आट्याच्या आधी किमान तीन-चार पिच एवढी मोकळी जागा सोडावी. टेलस्टॉकचा आधार असल्यास ही जागा आधीच तपासावी. आटे संपतात तेथे टूल बाहेर पडण्यासाठी खाच काढलेली असावी. फेऱ्यांची संख्या जी ९७ या संकेताने स्थिर ठेवावी आणि पहिल्या कटनंतर ती बदलू नये. बदलल्यास टूल खाचेतून सरकू शकते.

प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना विशेष सावध राहावे. फानुक पद्धतीच्या अनेक लेथवर जी ९२ या संकेताने आटे पडतात. लिनक्ससीएनसी या प्रणालीत मात्र त्याच संकेताने मोजमापाचा आरंभबिंदू बदलतो. आटे पाडण्याची खेप सुरू असताना बहुतेक नियंत्रकांवर फीड होल्डचे बटण तत्काळ काम करीत नाही. म्हणून पहिली खेप जॉबपासून दूर, हवेत घेऊन पाहावी आणि हात आपत्कालीन बटणाजवळ ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गेजने तपासल्याशिवाय जॉब चकमधून काढू नये. 'गो' रिंग पूर्ण बसली पाहिजे आणि 'नो-गो' अडली पाहिजे. 'गो' अडल्यास खोली शतांश मिलिमीटरने वाढवून पुन्हा कट घेता येतो. जॉब एकदा सोडला, की तीच खाच पुन्हा सापडणे कठीण असते. संगणकाने गियर बदलण्याचा त्रास संपविला. कट केव्हा हलका करावा आणि केव्हा थांबून मोजावे, हा निर्णय मात्र आजही टर्नरच्याच हाती आहे.