हातांनी केलेली उपासना

आमच्या घराण्याची वंशावळ कुठं लिहिलेली नाही. पणजोबांच्या आधीचं काही विचारलं की आजी म्हणायची, "त्याच्या आधी वेशीबाहेर." राहुरी तालुक्यातलं गाव, गावाबाहेरचा महारवाडा. तिथं अक्षरच पोचलेलं नव्हतं, मग लिहून कोण ठेवणार? जे काही आमच्यापर्यंत आलं ते रात्री जेवणं झाल्यावर, चुलीतले निखारे विझेपर्यंत चाललेल्या सांगण्यातून. कुणाचा बाप्तिस्मा कोणत्या साली झाला, हे त्या सांगण्यात कधीच नसायचं. पण पटकीच्या साथीत कुणाचं प्रेत कुणी उचललं, अडलेल्या बाईजवळ रात्रभर कोण बसलं, कुणी कुणाला पाणी पाजलं, हे मात्र आजीला नावानिशी पाठ होतं. माझ्या माणसांनी आपल्या श्रद्धेचा हिशेब असाच ठेवला होता.

पुस्तकातला इतिहास पुढं मी वाचला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि १८३१ मध्ये नगरला आलं. मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरातूनच निघू लागलं. सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईत उतरली, नंतर नगरला आली आणि १८६२ मध्ये मरण येईपर्यंत तिथंच मुलींना शिकवत राहिली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. एक बाई रोज सकाळी शाळेचं दार उघडते, पोरींच्या हाती पाटी देते, आणि त्याची लाट पुण्यापर्यंत जाते. त्या बाईचं एकही प्रवचन आज कुणाला आठवत नाही. तिची शाळा आठवते.

पणजोबा अशाच एका मिशन शाळेत शिकले आणि मास्तर झाले. आठवडाभर शाळा, रविवारी उपासना, आणि मधल्या वेळात साऱ्या वाड्याची पत्रं लिहिणं, सरकारी कागद वाचून दाखवणं, तलाठ्याकडे सोबत जाणं. महिन्याचा पगार तुटपुंजा, तोही उशिरानं यायचा. शाळेच्या दारात त्यांनी पाण्याचा रांजण ठेवला होता. गावातल्या एका वरच्या जातीच्या घरचा मुलगा चोरून शिकायला यायचा आणि ओट्याच्या कडेला बसायचा. उन्हाळ्यात त्याचा घसा सुकायचा, पण रांजणाला हात लावायची त्याची छाती होत नव्हती. घरी कळलं असतं तर पाठ सोलून निघाली असती. पणजोबा त्याला एकदाही "पी" म्हणाले नाहीत. दुपारच्या सुट्टीत ते त्याच्याबरोबर वेशीपर्यंत चालत जायचे, तो घरी पाणी पिऊन येईपर्यंत बाहेर उन्हात थांबायचे आणि त्याला परत घेऊन यायचे. वेशीच्या आत पाऊल टाकायचं तर त्यांना स्वतःलाच बंदी होती. आजी म्हणायची, "पोराला तहान लागली होती. जात मोडल्याचा तमाशा करायचा नव्हता त्यांना." ख्रिस्ताची शिकवण म्हणजे काय, हे मला या गोष्टीतून जेवढं कळलं तेवढं कुठल्याही व्याख्यानातून कळलं नाही.

पाण्याचाच प्रश्न त्या काळी पलीकडच्या, ब्राह्मण घराच्या बाजूनंही सुटत होता. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कडक सोवळ्यातल्या होत्या. नवऱ्यापासून त्यांची ताटातूट झाली, आणि पुढं एकत्र आल्यावरही त्यांची चूल वेगळी होती. माणसामाणसांतले हे भेद देवानं केलेले नाहीत, हे एकदा मनाला पटलं तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. म्हणजे आधी घोटभर पाणी आणि मग विधी. टिळक कुटुंब काही काळ आमच्या राहुरीलाही होतं. नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोमऱ्यांसारखा पोरगेला कवी घरच्यासारखा राहिला. टिळकांची पदं आजही 'उपासना संगीत'मधून आमच्या मंडळ्यांत गायली जातात. पण आमच्या आजीला त्यांच्या पदांइतकंच कौतुक लक्ष्मीबाईंच्या पंगतीचं होतं. तिच्या सांगण्यात त्या घरी ताट कधी मोजून मांडलं जात नसे.

पणजी केडगावहून आली. दुष्काळात आईबाप गेले, गावाचं नावही तिच्या ध्यानात राहिलं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली गोळा करून आणल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात ही संख्या आणखी वाढली. इतिहासात याची नोंद 'दुष्काळग्रस्तांची सोय' अशी होते. पणजीच्या तोंडून ती सोय म्हणजे काय होती, ते कळायचं. नव्यानं आलेल्या पोरीला लगेच भाकरी द्यायची नाही. उपाशी आतड्याला ती सोसत नाही. आधी पातळ पेज, चमचा-चमचा, दिवसातून अनेकदा. डोक्यात उवा, अंगावर खरूज, नखांत घाण. मोठ्या मुलीकडं एक लहान मुलगी सोपवलेली असायची. तिची वेणी, तिचं अंघोळपाणी, तिचं रात्री दचकून उठणं, सगळं त्या मोठ्या मुलीनं बघायचं. पणजी आली तेव्हा तिची अशीच एक 'ताई' होती, आणि चार वर्षांनी ती स्वतः कुणाची तरी ताई झाली. हातमाग, घाणा, शेती, दुधाची जनावरं, छापखाना, सगळीकडे बायकाच राबत होत्या. सामान्य बाईला कळावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, आणि त्याचे खिळे जुळवले ते या दुष्काळातून वाचलेल्या हातांनी. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. पणजी ही तारीख दर वर्षी पाळायची. त्या दिवशी ती उपास करायची नाही. शेजारच्या एखाद्या आईविना पोरीला बोलावून न्हाऊ घालायची.

थोरली आत्या मिरजेत नर्स होती. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये सांगलीला आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला इस्पितळ उघडलं. दूरदूरच्या मुलखातून माणसं रेल्वेनं तिथं येऊ लागली. त्या काळी परक्या माणसाचं अंग पुसणं, त्याचं भांडं काढणं हे काम आपल्या मुलीनं करावं, असं कुठल्या बऱ्या घराला वाटत होतं? ते काम करायला मोठ्या संख्येनं पुढं आल्या त्या ख्रिस्ती मुली. आत्या सुट्टीला घरी आली की आम्हाला चादर घालायला शिकवायची. चारही कोपरे ताणून गादीखाली खोचायचे, मग तळहात सपाट ठेवून डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचा. "चुणी राहता कामा नये," ती म्हणायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीखाली एक चुणी राहिली, एक भाकरीचा तुकडा राहिला, की तिथली कातडी लाल होते आणि मग जखम. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी करायची, पुन्हा चादर ताणायची. रात्रपाळीत तिच्या वॉर्डात महार होता, जैन व्यापारी होता, मुसलमान विणकर होता, सनातनी ब्राह्मण होता. पाठ सगळ्यांची सारखीच लाल व्हायची. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा काय विचारणार, ते आम्हाला शब्बाथशाळेत पाठ करायला लावलं होतं. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, कैदी. आत्याकडं बघून ती यादी मला कळली.

आणि आजी. तिनं शाळा काढली नाही, ती इस्पितळातही गेली नाही. ती नगरला एका चाळीत राहायची आणि रोज भाकऱ्या थापायच्या आधी परातीतून एक मूठ पीठ काढून जुन्या डालड्याच्या डब्यात टाकायची. मूठ काढताना डोळे मिटणं नाही, पुटपुटणं नाही. शनिवारी संध्याकाळी तो डबा शेजारच्या विडी वळणाऱ्या पद्मशाली बाईकडं जायचा. तिचा नवरा क्षयानं अंथरुणाला होता आणि हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालत होतं. १९७२ चा दुष्काळ पडला. आजी स्वतः खडी फोडायला जाऊ लागली, घरात रेशनचा लाल मिलो आला. त्याची भाकरी तुटायची, घशाखाली उतरायची नाही. आईनं एकदा विचारलं, "आता तरी मूठ थांबवायची का?" आजी म्हणाली, "त्यांच्याकडं काय गहू आलाय?" मूठ चालू राहिली. त्या बाईला चर्चला ये, असं आजीनं कधी म्हटलं नाही. ती मार्कंडेयाच्या देवळात जायची, आजी उपासनेला जायची, आणि नवरा गेला त्या रात्री त्या बाईच्या शेजारी आजी होती.

त्याच दुष्काळी मुलखात स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर गावोगाव फिरत होते. विहिरी आणि शेतीच्या मदतीपासून सुरुवात करून ते पाणलोटाच्या कामापर्यंत पोचले. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायचे, बांध घालायचे, गावानं श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःच पाळायची. आम्ही प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक. आजीला या भेदाशी काही देणंघेणं नव्हतं. "पाणी अडवतो ना? मग आपलाच," ती म्हणायची.

हे सगळं मी आज का लिहिते? कारण या सांगण्याचा धागा आमच्याच पिढीत तुटताना दिसतो. शाळा उभ्या राहिल्या, इस्पितळं मोठी झाली, ट्रस्ट झाले, इमारती आणि जमिनी झाल्या, त्यांच्यावरून कोर्टकज्जेही झाले. आणि सेवा हे काम संस्थेचं, असं आम्ही मनाशी ठरवून टाकलं. दानपेटीत नोट टाकली की हात झटकून मोकळे. संस्था हव्यातच, मिरजेसारखं काम एकट्यादुकट्यानं होत नाही. पण मुक्ती सदनाला जे बळ होतं ते एकेका ताईच्या हातातलं होतं, आणि मिरजेच्या इस्पितळाची कीर्ती अशा चादरी ताणणाऱ्या बायकांनी राखली. ते हात थांबले तर उरेल ती नुसती पाटी.

आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी संत नव्हतं. पणजोबा तापट होते, आत्या फटकळ होती, आजीचं शेजारणीशी पाण्याच्या नळावरून भांडण व्हायचं. तरीही रोजचं एक काम त्यांनी धरलं आणि ते सोडलं नाही. श्रद्धा आचरणात आणायची म्हणजे याहून वेगळं काही असतं असं मला वाटत नाही. एखादं मोठं कार्य सुचेपर्यंत थांबलेला माणूस बहुधा थांबूनच राहतो.

म्हणून माझ्या मंडळीतल्या बंधुभगिनींना, आणि मंडळीबाहेरच्या वाचकांनाही, एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेलं एक तरी माणूस असेल, आणि त्याचं करून थकलेली एक बाई असेल. या आठवड्यात त्यांच्याकडे जा. तासभर बसा, तिला झोपू द्या, त्याची कूस बदला. धर्माबद्दल काही बोलू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.