महागाई लक्षात राहिली, स्वस्ताई विसरली

सरकारवर कर्ज फार झालं की ते नोटा छापणार आणि महागाई भडकणार, असं आपण धरूनच चालतो. उदाहरणही ठरलेलं: १९२३ चा जर्मनी. पाव आणायला टोपलीभर नोटा वगैरे. ते खोटं नाही. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते.

पण मंडळी, त्याच जर्मनीत सात-आठ वर्षांनी नेमकं उलटं घडलं, आणि तेही सरकारी देण्याच्याच धास्तीने.

मार्च १९३० मध्ये हाइनरिश ब्र्यूनिंग चॅन्सेलर झाले. अर्थशास्त्रात डॉक्टरेट, अविवाहित, साधी राहणी. अशा माणसाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या द्यायला आपण कुणीही तयार होऊ! तेव्हा मंदी सुरू झाली होती. कर कमी जमत होता, बेकारांचा भत्ता वाढत होता, वर पहिल्या महायुद्धाची नुकसानभरपाई होतीच. गंमत म्हणजे देशातलं जुनं सरकारी कर्ज १९२३ च्या महागाईत जवळजवळ धुऊन निघालं होतं. काळजी होती ती परकी देण्याची आणि दर महिन्याच्या तुटीची. परदेशी सावकारांनी हात आखडता घेतलेला. नोटा छापाव्यात, तर १९२४ च्या कायद्याने त्यांच्यामागे ४० टक्के सोनं आणि परकी चलन ठेवणं भाग होतं. आणि कायदा नसता तरी, १९२३ विसरलेला माणूस जर्मनीत शोधून सापडला नसता.

मग उरली कात्री. संसदेत बहुमत नव्हतं, म्हणून राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या सहीचे वटहुकूम. पगार कापले, भत्ते कापले, कर वाढवले. ८ डिसेंबर १९३१ चा वटहुकूम तर थक्क करणारा आहे. मजुरी जानेवारी १९२७ च्या पातळीवर न्या, कंपन्यांनी आपसात बांधून घेतलेले भाव १० टक्के उतरवा, घरभाडी उतरवा, व्याजही उतरवा. म्हणजे सरकारच हुकूम काढून स्वस्ताई आणत होतं. १९२९ ते १९३२ या काळात राहणीचा खर्च साधारण पाचव्या हिश्श्याने उतरला.

स्वस्ताई वाईट कशी, असं वाटेल. एक हिशेब मांडून बघा. शेतकऱ्याचं देणं १००० मार्क. पोत्याला १० मार्क मिळत होते तेव्हा १०० पोत्यांत ते फिटत होतं. भाव ७ वर आला की १४३ पोती लागतात. कर्जाचा आकडा तोच, पण ओझं वाढलं. सरकारचंही तेच: पगार कापले की खरेदी घटते, दुकानं बसतात, कर आणखी कमी जमतो, तूट पुन्हा उभी, की नवा वटहुकूम. अंथरूण पाहून पाय पसरावे हे घरापुरतं ठीक आहे. सगळ्यांनीच एकदम पाय आखडले तर अंथरूणच आटत जातं. अर्व्हिंग फिशर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९३३ मध्ये हेच मांडलं: सगळे घाईने कर्ज फेडायला लागले की भाव इतके पडतात की उरलेलं कर्ज उलट जड होतं.

१९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत बेकार होते सुमारे ६० लाख. लोक ब्र्यूनिंगना ‘भुकेचा चॅन्सेलर’ म्हणू लागले.

त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता का? क्नुट बोरखार्ट या इतिहासकाराने १९७९ मध्ये मांडलं की फारसा नव्हता, हात बांधलेलेच होते. यावर अजून वाद चालतो. मला वाटतं, १९३० मध्ये ते बऱ्याच अंशी खरं असेल. पण १९३१ च्या जुलैत बँका कोसळल्यावर, सप्टेंबरात खुद्द ब्रिटनने सोन्याचा हात सोडल्यावरही तीच कात्री चालवत राहणं, हा बांधलेल्या हातांपेक्षा हट्ट जास्त दिसतो. नुकसानभरपाई माफ होईपर्यंत कळ काढायची, हा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब चुकलाही नाही. ३० मे १९३२ ला हिंडेनबर्गनी त्यांना घालवलं आणि ९ जुलैला लोझानच्या परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ संपवण्यात आली. त्यानंतर तीन आठवड्यांनी निवडणूक झाली. १९२८ मध्ये अवघ्या १२ जागा मिळवणाऱ्या नाझी पक्षाला २३० जागा मिळाल्या.